जुनं घर पाडताय? आधी माल वेगळा काढा



दिवाळी सरली, ज्वारी गुडघ्याला आली, की आपल्या सोलापूर जिल्ह्यात गावोगावी बांधकामं निघतात. कुणाचं घरकुल मंजूर झालेलं असतं, कुणी ऊस गेल्यावर दोन खोल्या वाढवायचं ठरवलेलं असतं. आणि बहुतेक ठिकाणी नवं घर उभं राहण्याआधी जुनं पाडावं लागतं. माळवदाचं, दगड-मातीचं, आजे-सासऱ्यांनी बांधलेलं.

अशा वेळी दारात एक माणूस येतो. गुत्तेदार असतो, नाहीतर त्याच्या ओळखीचा कुणीतरी. तो म्हणतो, "ताई, जुनं घर फुकटात पाडून देतो. जागा साफ करून देतो. मलबा तेवढा आमचा." आपल्याला वाटतं, बरं झालं, आयती कटकट गेली. घरातले पुरुषही मान डोलावतात. दोन दिवसांत जागा मोकळी होते आणि ट्रॅक्टरमधून जे जातं त्याकडे कुणी बघत नाही.

आज मला त्या ट्रॅक्टरमध्ये काय काय जातं, त्याबद्दल बोलायचं आहे. कारण घरकुल बहुतेक वेळा बाईच्या नावावर किंवा नवरा-बायकोच्या दोघांच्या नावावर असतं. पण जुन्या घराचा माल कुणी न्यायचा हे ठरवताना त्या बाईला क्वचितच विचारलं जातं.

आधी एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. पाडलेलं घर मुळात कचरा नसतं. दगड, माती, लाकूड, लोखंड, विटा हे वेगवेगळे ठेवले तर तो माल. तेच एकात एक मिसळले, वर प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि फुटक्या काचा पडल्या, की झाला राडारोडा. मग तो उचलायलाही आपणच पैसे मोजायचे. माल आणि राडारोडा यांच्यातला फरक पाडण्याच्या त्या दोन-चार दिवसांतच ठरतो. नंतर ढिगारा उपसून वेगळं करणं कुणाच्याच्यानं होत नाही.

आता आपल्या जुन्या घरात असतं काय, ते वरून खाली बघूया. सगळ्यात वर पांढरी माती. आपल्याकडे गावाच्या वस्तीची जमीन ती 'पांढरी' आणि पिकाची ती 'काळी', हे जुन्या माणसांना अजून तोंडपाठ असतं. ही पांढरी गावठाणातून, पडक्या गढीतून आणायची आणि माळवदावर चोपायची. पाणी चटकन मुरत नाही म्हणून ती चालायची. तिच्याखाली किलच्या, म्हणजे लाकडाच्या चिपा. त्यांच्याखाली कड्या, कड्यांखाली तुळया, तुळयांखाली खांब, आणि खांबाखाली दगडाचा उथळा. भिंती दीड-दोन हातांच्या, दगडाच्या, आतून मातीनं भरलेल्या.

यातलं सगळ्यात मोलाचं असतं ते लाकूड. जुनं सागवान, कडूनिंब, बाभूळ. वाळवी लागलेली नसेल तर पन्नास वर्षांचं सागवान नव्यापेक्षा भरवशाचं, कारण ते पुरतं वाळलेलं असतं. वाकायचं ते वाकून झालेलं असतं. आपण मात्र ते 'जुनं लाकूड' म्हणून नगावर विकतो. नगावर कधीच विकू नका. लाकडाचा भाव घनफुटावर असतो आणि हिशोब अवघड नाही. तुळई दहा फूट लांब, सहा इंच रुंद, सहा इंच जाड असेल, तर दहा गुणिले अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे अडीच घनफूट. अशा चार तुळया म्हणजे दहा घनफूट. वर पाच फुटी, तीन बाय तीन इंचाच्या वीस कड्या असल्या तर त्या आणखी सव्वासहा घनफूट. म्हणजे एका साध्या खोलीच्या डोक्यावर सव्वासोळा घनफूट लाकूड बसलेलं असतं. आता जुनं लाकूड घेणाऱ्या दोघा-तिघांना फोन लावा आणि घनफुटाचा भाव विचारा. 'फुकटात' घर पाडून देण्याचा दर किती पडला ते लगेच कळेल.

विकायचंच असं नाही. त्याच लाकडातून नव्या घराच्या चौकटी निघतात. सुतार सुरुवातीला कुरकुर करतो, कारण जुन्या लाकडात खिळा राहिला तर त्याच्या रंध्याचं पातं जातं. म्हणून खिळे आपण आधी काढून ठेवायचे. लाकूड वाजवून बघायचं. पोकळ आवाज आला किंवा भुसा गळला तर भुंगा नाहीतर वाळवी आहे, ते नव्या घरात न्यायचं नाही. चुलीला चालेल. मात्र ज्याला तेलरंग दिलेला आहे ते चुलीतही नको, कारण जुन्या रंगात शिसं असायचं आणि त्याचा धूर आपल्या आणि लेकरांच्या पोटात जातो.

लाकडानंतर दगड. एक भिंत धरा, पंधरा फूट लांब, नऊ फूट उंच, दोन फूट जाड. झाले २७० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे पावणेतीन ब्रासाला थोडं कमी. त्यात निम्मी माती धरली तरी सव्वा ब्रासच्या वर दगड एका भिंतीत निघतो. दारं-खिडक्या वगळल्या तरी चार भिंतींचा साधारण पाच ब्रास होतो. आता घरकुलाकडे बघा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. जोतं दोन फूट उंच घेतलं तर आत भरायला ५३८ घनफूट, पाच ब्रासच्या वर भरणा लागतो. म्हणजे जुन्या घराच्या भिंती नव्या घराच्या जोत्यात जवळजवळ मावतात! आणि आपण काय करतो? जुना दगड पाडणाऱ्याला देतो आणि डबर-मुरूम विकत आणतो. कधीकधी आपलाच दगड आपल्या दारात विकत येतो, असंही मी ऐकलेलं आहे.

याला आणखी एक महत्त्व आहे. घरकुलाचे मूळ १ लाख २० हजार एकरकमी मिळत नाहीत. काम पुढं सरकल्याचा फोटो चढला की पुढचा हप्ता. पहिल्या हप्त्यात जोत्यापर्यंत पोचताना बायकांची दमछाक होते, तिथंच गटातून कर्ज काढलं जातं, नाहीतर सावकाराकडे जाणं होतं. दगड, मुरूम, विटांचे तुकडे घरचे असतील तर जोत्याच्या भरण्याचा खर्च निम्मा तरी कमी होतो. घरकुलाला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचं २०२५ च्या वाळू धोरणात ठरलं आहे, त्याची चौकशी ग्रामपंचायतीत आणि तहसीलला जरूर करा. पण वाळू मिळाली म्हणून दगड फुकट घालवू नका.

भरणा कसा करायचा, तेही सांगते. सगळा ढीग एकदम आत लोटायचा नाही. सहा ते नऊ इंचांचा थर, त्यावर पाणी, त्यावर धुम्मस. मग दुसरा थर. मोठे दगड तळाला, विटांचे तुकडे आणि मुरूम त्यांच्या फटींत. त्यात लाकडाचा तुकडा, मुळी, कागद, चिंधी काहीही राहू देऊ नका. ते कुजतं, तिथं पोकळी होते, फरशी बसते, आणि वाळवीला तर आमंत्रणच. काळी माती तर चुकूनही नको. आपली काळी उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, हे शेतात बघतोच की. फरशीखाली तिचं तेच चालू राहतं आणि दोन वर्षांत फरशी उकलते.

इथं थोडं थांबून ३० सप्टेंबर १९९३ कडे जायला हवं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन होऊन माणसं झोपली होती, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आपल्या जिल्ह्यातही त्या पहाटे घरं हादरली, भिंतींना तडे गेले. ज्यांना आठवतं त्या अजूनही माळवदाखाली झोपायला कचरतात.

एवढी माणसं का गेली? भिंतींत दोन बाजूंना दगडाचे दोन पडदे आणि मध्ये माती, त्या दोघांना एकमेकांत गुंतवणारा आरपार दगड नाही. आणि डोक्यावर माळवद. दर पावसाळ्याआधी गळतं म्हणून आणखी एक थर पांढरीचा, असं करत करत माळवद जाडजूड आणि मणामणांनी जड झालेलं. भिंत फुटली आणि ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं.

त्यानंतर ५२ गावांचं दुसऱ्या जागी पुनर्वसन झालं. पण त्याहून कितीतरी जास्त गावांत घरं पूर्ण पडली नव्हती, तिथं दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम चालला. घरमालकानं स्वतःच आपलं घर नीट करायचं, मदत आणि माहिती सरकार देणार. त्यात गावोगावच्या बायकांना संवाद सहायक नेमलं गेलं. प्रेमा गोपालन यांची 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था त्यामागे उभी होती. तोवर घर बांधणं हे गवंडी आणि पुरुषांचं बोलणं होतं. या बायका घरोघरी जाऊन सांगायला लागल्या: माळवदावरची जादा माती उतरवा, भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड घाला, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरका आधार द्या. यात माल बहुतेक जुनाच होता. बदलली होती ती बसवण्याची पद्धत.

मला वाटतं, जुना माल वापरायचा म्हणजे काय, याचा आपल्या भागातला सगळ्यात चांगला धडा हाच आहे. जुना दगड आहे म्हणून जुनीच भिंत पुन्हा मातीत रचायची नाही. पायात वापरा, जोत्यात वापरा, सोलिंगला वापरा, वाड्याच्या कुंपणाला वापरा. खोलीची भिंत दगडाचीच करायची असेल तर सिमेंटच्या मालात, आणि आरपार दगड घालून. गवंडी त्याला हेडर म्हणतात. "मिस्त्री, हेडर कुठं कुठं घातले ते दाखवा," असं विचारायला लाजायचं कारण नाही. आणि पांढरी माती पुन्हा डोक्यावर चढवायची नाही.

मग त्या मातीचं करायचं काय? अंगणात भर घाला, परसात वापरा. काही जण शेतात नेतात. पण भिंतीच्या तळाला लोणा धरलेला असेल, म्हणजे पांढरी खारट बुकटी सुटलेली असेल, तर ती माती शेताला नको. आपल्याकडे बागायतीत आधीच जमिनी क्षारपड होत चालल्यात.

आता पाडण्याची रीत. वरून खाली यायचं. आधी महावितरणला सांगून वीज तोडून घ्यायची. मग माळवदाची माती खोऱ्यानं उतरवायची, किलच्या, कड्या, तुळया काढायच्या, चौकटी सोडवायच्या, आणि शेवटी भिंती. भिंत खालून पोखरून एकदम ढकलायची, हे गड्यांना सोपं वाटतं. त्यात माणूस सापडतो. लेकरं आणि जनावरं त्या दिवशी दुसऱ्याच्या दारात ठेवा.

"मग जेसीबी लावायचाच नाही का?" असं बैठकीत हमखास विचारतात. मी जेसीबीच्या विरोधात नाही. भिंती फुगलेल्या असतील, कललेल्या असतील तर माणसं आत घालण्यापेक्षा यंत्र बरं. पण जेसीबीच्या एका फटक्यात तुळई मोडते, वीट फुटते आणि सगळं एकात एक होतं. म्हणून लाकूड, पत्रे, चौकटी हातानं उतरवून घ्यायच्या, आणि मग भिंतींपुरतं यंत्र बोलवायचं. ते तासावर येतं. काम कमी उरलं तर तासही कमी लागतात. मजुरी आणि यंत्राचा हिशोब मालाच्या किमतीशी लावून बघा. मातीच्याच भिंती असतील आणि लाकूड किडलेलं असेल, तर वेगळं काढत बसण्यात अर्थ नाही, हेही खरं.

पत्र्याबद्दल मात्र एक ताकीद. लोखंडी पत्रा काढा, विका, गोठ्यावर टाका, काही हरकत नाही. पण जुने राखाडी सिमेंटचे पत्रे असतात ना, त्यांत बहुधा अॅस्बेस्टॉस असतं. ते फोडले, करवतीनं कापले की बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात जाऊन बसते आणि तिचा आजार कित्येक वर्षांनी वर येतो. असा पत्रा पाणी मारून ओला करायचा, नट-बोल्ट सोडवून अख्खा खाली उतरवायचा. फुटलेले तुकडे अंगणात भर म्हणून पसरू नका. ओले करून जाड पिशवीत बांधा आणि त्यांचं काय करायचं ते ग्रामपंचायतीला विचारा.

आता नव्या बांधकामाकडे येऊ. तिथं वाया जाणारं हे जुन्या घरासारखं ढिगानं दिसत नाही. ते घमेल्या-घमेल्यानं जातं.

सिमेंटचं पोतं ५० किलोचं. ते जमिनीवर ठेवलं, भिंतीला टेकवलं की ओल धरतं. फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब, दहा पोत्यांपेक्षा जास्त थप्पी नको. आधी आलेलं आधी वापरा. तीन महिने पडून राहिलेल्या पोत्याची ताकद चांगलीच उतरते, आणि हातानं फुटत नाहीत असे खडे झाले असतील तर ते पोतं स्लॅबला, कॉलमला घालू देऊ नका. म्हणून स्वस्त मिळालं तरी सगळं सिमेंट एकदम भरून ठेवण्यात फायदा नाही.

गिलावा करताना थापीतून माल खाली पडतो, तो संध्याकाळपर्यंत दगड होतो आणि दुसऱ्या दिवशी आपणच तो फोडून बाहेर टाकतो. भिंतीच्या पायथ्याशी रिकामी पोती उसवून अंथरा. पडलेला माल लगेच उचलून पुन्हा घमेल्यात. पण पाणी घातल्यापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या आतच. आवळायला लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो मऊ करतात, ते चूक आहे. तो नंतर भुसभुशीत राहतो. खरं तर एका वेळी थोडाच माल कालवा, एवढं केलं तरी पुष्कळ वाचतं. मिस्त्रीला जेवायची सुट्टी व्हायच्या आधी नवा माल कालवू द्यायचा नाही, ही माझी आवडती युक्ती.

सळईचे तुकडे उरतात. हात-दीड हाताचा तुकडा भंगारात देऊ नका. त्याच्या खुर्च्या वाकवून घ्या. स्लॅबच्या वरच्या सळया खाली दबू नयेत म्हणून त्यांच्याखाली या खुर्च्या ठेवतात. खालची जाळी फळीला चिकटू नये म्हणून तिच्याखाली मात्र सिमेंटचे कव्हर ब्लॉक लागतात. ते नसले की सळई स्लॅबच्या पोटाला येते, गंज धरते आणि काही वर्षांनी छताचे पोपडे पडायला लागतात. पण जुन्या घराची गंजलेली, एकदा वाकवून सरळ केलेली सळई नव्या कॉलम-बीममध्ये घालू देऊ नका. तिथं काटकसर नको. ती वजन करून भंगारात द्या, आणि वजन आपल्या डोळ्यांसमोर होऊ द्या.

पाणी हाही बांधकामावरचा मालच आहे, आणि सोलापूरच्या बाईला ते वेगळं सांगायला नको. स्लॅबवर नळी सोडून देण्यापेक्षा मातीची किंवा मालाची छोटी छोटी आळी करून पाणी कोंडा. कॉलमला गोणपाट गुंडाळून भिजवत ठेवा. रोज दोनदा पाणी मारून सगळं खाली वाहून जाण्यापेक्षा ओलं गोणपाट जास्त काम करतं.

विटांचे तुकडे शेवटपर्यंत जपून ठेवा. सिमेंटच्या मालाला खडी म्हणून ते नकोत. दोन ठिकाणी त्यांचा चांगला उपयोग आहे. एक म्हणजे शोषखड्डा. मोरीचं सांडपाणी रस्त्यावर सोडण्याऐवजी मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा घ्यायचा; तळाला मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे, त्यावर बारीक खडी. ३५ घनफूट तुकडे-दगड तिथं जिरतात. काळ्या मातीत मात्र पाणी मुरत नाही, तेव्हा मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागतं. विहीर किंवा हातपंप जवळ असेल तर तिथून लांब घ्या.

दुसरा उपयोग गच्चीवर. माळवद गेलं आणि स्लॅब आला, तसा घरातला गारवाही गेला. एप्रिल-मे महिन्यात स्लॅबखाली दुपारी बसवत नाही, रात्री तर भिंती वाफ सोडतात. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून, त्याला पाणी वाहून जाईल असा उतार देऊन, वर पांढऱ्या फरशीचे फुटके तुकडे बसवले तर दोन कामं होतात. गळती थांबते आणि ऊन परत फिरतं. टाईल्सच्या दुकानाबाहेर, मोठ्या बांधकामांवर हे फुटके तुकडे पडलेलेच असतात. विचारून घ्या, बहुतेक जण 'घेऊन जा' म्हणतात. मोहोळकडच्या आमच्या एका गटातल्या ताईंनी असे तुकडे चार खेपांत जमवले. एकसारखा पांढरा रंग काही जमला नाही, मध्येच निळी फुलं आली. त्या म्हणतात, वर बघायला कोण येतंय?

पण कोब्याचं वजन असतं. चार इंच कोबा म्हणजे स्लॅबवर कायमचं ओझं, आणि किल्लारीचं ऐकून झाल्यावर हे सांगायलाच हवं. स्लॅब टाकायच्या आधीच अभियंत्याला सांगा की वर कोबा करायचा आहे. जुन्या, तडे गेलेल्या स्लॅबवर तो करू नका. तिथं दर उन्हाळ्याआधी चुन्याचे दोन हात दिले तरी गारवा येतो.

रंगाचे डबे आणि बादल्या. या मजबूत असतात, झाकण असतं, म्हणून बायका धुऊन धान्याला, पिण्याच्या पाण्याला वापरतात. कितीही घासलं तरी त्या खाण्यापिण्याला नकोत. त्यात माती भरा, तुळस लावा, कढीपत्ता लावा. सिमेंटची रिकामी पोती जाळू नका, धूर वाईट असतो. धुऊन, शिवून ती शेणखत भरायला चालतात.

हे सगळं करूनही थोडं उरतंच. ते ओढ्यात टाकायचं नाही. ओढा कोरडा असतो म्हणून टाकतात, आणि एखाद्या सप्टेंबरात पाणी आलं की ते वळून शेजारच्या वस्तीत शिरतं. बारवेत, पडक्या विहिरीतही नको. बांधकामाच्या कचऱ्याचे केंद्र सरकारचे नियम २०१६ मध्ये आले. ज्याचं बांधकाम त्यानंच काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड, विटा वेगवेगळं ठेवायचं, रस्ता आणि गटार अडवायची नाही, असं त्यात होतं. मोठ्या प्रकल्पांवर जास्त जबाबदारी टाकणारे नवे नियम २०२५ मध्ये निघाले. गावात नियम सांगत फिरण्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत एक जागा ठरवून घ्या. कुणाचा दगड-मुरूम जास्तीचा असेल तर तो तिथं पडेल आणि पाणंद रस्त्याचे खड्डे भरायला तोच जाईल. ग्रामसभेत आपण दहा जणी बसलेल्या असलो तर हा विषय पाच मिनिटांत मंजूर होतो.

आपल्यातल्या कित्येक जणी दुसऱ्याच्या बांधकामावर कामाला जातात. घमेली वाहणारी, विटा देणारी, राडारोडा उचलणारी बाईच असते. तिच्यासाठी दोन शब्द. पाडकामाची धूळ साधी नसते, दगड आणि सिमेंटची बारीक भुकटी छातीत साचते. ढिगावर आधी पाणी शिंपडायला लावा, तोंडाला ओला पदर नाहीतर रुमाल बांधा, अनवाणी चढू नका. आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल, वय १८ ते ६० मध्ये असेल, तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. त्यासाठी ९० दिवसांचा दाखला लागतो. तो मुकादमाकडून किंवा ग्रामसेवकाकडून घ्यायचा. नोंदणीचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, ते राहिलं की लेकरांची शिष्यवृत्ती अडते.

गटानं करण्यासारखंही यात काही आहे. गावात वर्षाला आठ-दहा घरं होत असतील तर सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा आणि टेकू गटानं घेऊन भाड्यानं देता येतात. लाकडी फळ्या दोन-चार स्लॅबमध्ये संपतात, लोखंडी प्लेट तेल लावून जपली तर वर्षानुवर्षं टिकते. उधारी वसूल होत नाही ही यातली खरी अडचण, म्हणून अर्धं भाडं आधी घ्या. आणि नव्या विटा घ्यायच्याच असतील तर राखेच्या विटांचीही चौकशी करा. दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचा वीज प्रकल्प आहे, ६६० मेगावॅटचे दोन संच. कोळसा जळून जी राख उरते, तिच्यापासून सिमेंटबरोबर विटा होतात. त्या भाजाव्या लागत नाहीत, शेताची सुपीक माती त्यात जात नाही, आणि आकार सारखा असल्यानं गिलाव्याला माल कमी लागतो. विकत घेताना एक वीट दुसरीवर आपटून बघा, आणि एक रात्र पाण्यात ठेवून सकाळी कोपरे तपासा. विरघळायला लागली तर गाडी परत पाठवा.

शेवटचं काम कागदाचं. गुत्तं ठरवताना तोंडी बोलण्यावर राहू नका. साध्या कागदावर चार ओळी लिहून घ्या: जुन्या घराचं लाकूड, दगड, लोखंड, पत्रे आणि अख्ख्या विटा घरमालकिणीच्या, पाडताना हा माल वेगळा काढून सांगितलेल्या जागी रचायचा, त्याची मजुरी इतकी, जोत्याच्या भरण्यात घरचा दगड-मुरूम वापरायचा, त्यामुळं विकतचा इतके ब्रास कमी धरायचा. खाली दोघांच्या सह्या, तारीख, आणि गटातल्या दोघी साक्षीदार. तुळया आणि चौकटी पाडण्याआधी मोजून त्याच कागदाच्या मागं लिहून ठेवा, आणि मोबाईलमध्ये फोटो काढा. पुढच्या बैठकीला ज्यांचं घरकुल मंजूर आहे त्यांनी मापाची टेप घेऊन या. ज्यांचं घर सगळ्यात आधी पडणार आहे त्यांच्याकडं आपण सगळ्या जाऊ आणि मोजणी तिथंच करू.